बोका, आजी आणि आठ पिल्लं

शुक्रवारी रात्री आजीचा फोन आला. ती स्वतःहून फोन करते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे एव्हाना मला कळतं.

"बोक्याने आणखी दोन नेली रे. अकरातली तीन उरली," एवढंच म्हणाली. आणि मग नेहमीचं, "जेवलास का?"

शनिवारचा बेत खरं तर ठरलेला होता (म्हणजे दुपारी बारापर्यंत झोपणे!). पण गुपचूप पहाटेची एसटी पकडली आणि आंबा घाट उतरून संगमेश्वरजवळचं आमचं गाव गाठलं.

तर झालं होतं असं. आजीची कोंबडी खुडूक बसली, एकवीस दिवसांनी अकरा पिल्लं निघाली. आपल्यासाठी अकरा पिल्लं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा फोटो. आजीसाठी ती पुढच्या वर्षाची अंडी, म्हणजे तिच्या हक्काचे चार पैसे. मुलाकडे किंवा नातवाकडे न मागता खर्च करता येतील असे.

शेजारचे काका म्हणाले, "बोंबलातून औषध घाल. एका रात्रीत विषय संपला." मी लगेच १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, ते बोंबील एखाद्या कुत्र्याने खाल्लं तर काय, वगैरे सुरू केलं. काका माझ्याकडे असे बघत राहिले, की जणू मी रिक्वायरमेंट न वाचताच मीटिंगला आलोय. आजी काहीच बोलली नाही.

तिन्हीसांजेला पडवीत दबा धरून बसलो. कोंबड्या खुराड्याकडे वळल्या आणि गडग्यावर तो आला. पिवळा, दांडगा, कानाला जखम. शेपटीचं टोक मात्र वाकडं.

पोटात एकदम खड्डा पडला. ती शेपटी मी ओळखत होतो.

२०२१ मध्ये, वर्क फ्रॉम होमच्या काळात, पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पिल्लू सापडलं होतं. त्याचं नाव ठेवलं पॅच. माझ्या कीबोर्डवर झोपायचा, स्टँडअप कॉलमध्ये शेपटी मिरवायचा. पुढच्या वर्षी ऑफिस सुरू झालं, रूममेटची कुरकुर वाढली, आणि मी त्याला पिशवीत घालून गावी आणून सोडलं. 'मोकळ्या हवेत मजेत राहील,' असं स्वतःलाच सांगितलं. खिचडी आणि कॅटफूडवर वाढलेला जीव खाणार काय, हा प्रश्न काही तेव्हा पडला नाही. थोडक्यात, बग आपणच लिहायचा, प्रॉडक्शनवर ढकलायचा आणि टीम बदलायची.

"आजी, हा पॅच आहे ना गं?"

"मग कोण असणार?" आजी वात नीट करत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुला कशाला सांगायचं, वाईट वाटलं असतं."

रात्रभर झोप लागली नाही.

रविवारी कामाला लागलो. खुराड्याची जाळी मोठ्या भोकांची होती, पंजा सहज आत जायचा. ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोकली, खालच्या फटी चिऱ्यांनी बुजवल्या, दाराला नुसत्या दोरीऐवजी कडी लावली. नियमही ठरला : दिवे लागायच्या आधी सगळ्या आत, आणि पिल्लं मोठी होईपर्यंत दिवसाही डालग्याखाली.

मग सोमवारची रजा टाकली. पिंजऱ्यात बोंबील ठेवला. पहाटे तो अडकलेला सापडला, फिस्कारत होता. वरून गोणपाट टाकल्यावर शांत झाला. रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी नसबंदी केली, रेबीजची लस दिली. "दूर नेऊन सोडू का?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "एकदा सोडलाच होता ना? नवीन जागी बहुधा उपाशी मरेल, आणि इथे दुसरा बोका येईल. नसबंदीने शिकार सुटणार नाही, पण पिलावळ वाढणार नाही. कोंबड्या तुम्हीच सांभाळायच्या."

मंगळवारी निघताना आजीच्या हातात आठ पिल्लांचे पैसे ठेवायला गेलो. तिने हात मागे घेतला.

"पैसे दिलेस की झालं? त्याला सकाळ-संध्याकाळ कोण घालणार?"

उत्तर नव्हतं. आता महिन्यातून एक शनिवार-रविवार मी गावी असतो. तीन पिल्लांच्या तलंगा झाल्यात. पॅच अजून गडग्यावर बसतो, आजी त्याला भात आणि माशाची डोकी घालते, आणि शिव्याही. मी जवळ गेलो की मात्र उठून जातो.

बरोबरच आहे त्याचं.

असो. पार्किंगमध्ये पिल्लू दिसलं तर जरूर उचला. फक्त उचलताना दोन वर्षांनंतरचाही विचार करा.