यादीतली खूण

निवडणूक जवळ आली की डोंबिवलीविषयी एक वाक्य हमखास वाचायला मिळते : हे सुशिक्षित मराठी मध्यमवर्गाचे शहर असून येथला मतदार परंपरेने एकाच विचाराचा आहे. वाक्य अगदीच निराधार नाही. जुन्या ठाणे लोकसभा मतदारसंघातून रामभाऊ म्हाळगी १९७७ आणि १९८० साली निवडून आले, प्रा. राम कापसे १९८९ आणि १९९१ साली. पुढे मतदारसंघांच्या फेररचनेत डोंबिवली हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ झाला आणि २००९ ते २०२४ या काळातल्या चारही निवडणुका तेथे भाजपच्या रवींद्र चव्हाण यांनी जिंकल्या. तरीही या वाक्याशी माझे जुने भांडण आहे. कारण ते लिहिण्यात एकदा माझाही हात होता.

गोष्ट १९९६ च्या लोकसभा निवडणुकीची. मी तेव्हा महाविद्यालयात मराठी साहित्य शिकत होतो. मतदानाच्या दिवशी एका पक्षाच्या टेबलावर बसून चिठ्ठ्या लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले. पक्ष कोणता, हे सांगण्यात अर्थ नाही. पलीकडच्या टेबलावरही रीत तीच होती. आदल्या रात्री मतदारयादी समोर ठेवून एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला धडा दिला : ‘नाव वाचू नकोस, आडनाव वाच.’ आडनाव ‘आपले’ असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली, दाक्षिणात्य किंवा गुजराती असेल तर प्रश्नचिन्ह. तासाभरात काही शे माणसे वाचून झाली. दिवसा वर्गात कवितेतल्या एका शब्दाचे चार अर्थ शोधणारा मी, रात्री माणसाचा एकच अर्थ लावत होतो, आणि तो लावायला त्याची जात पुरेशी होती.

आमच्याच मजल्यावर एक काका राहत. दहावीच्या वर्षी त्यांनी मला रोज संध्याकाळी इंग्रजी शिकवले होते, एक पैसाही न घेता. त्यांच्या नावापुढे मी फुली मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेमके आमच्याच टेबलाशी आले. मी चिठ्ठी लिहीत असताना त्यांची नजर यादीवर गेली. ‘इतकी खात्री आहे तुला?’ एवढेच ते म्हणाले, चिठ्ठी घेऊन केंद्राकडे निघून गेले. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

रात्री हे घरी सांगितले. बाबांनी विचारले, ‘माझ्या नावापुढे काय होतं?’

‘बरोबर.’

‘मला विचारलं होतंस?’

मी गप्प राहिलो. त्या निवडणुकीत युतीमध्ये ही जागा भाजपकडून शिवसेनेकडे गेली होती. मतपत्रिकेवर कमळाऐवजी धनुष्यबाण होता आणि प्रकाश परांजपे निवडून आले. आमच्या घरातले मत कमळाकडून धनुष्यबाणाकडे सहज गेले, की अडखळले, की गेलेच नाही, हे बाबांनी कधीही सांगितले नाही. आज ते नाहीत. त्या मौनाला मी तेव्हा हट्ट समजलो. आता वाटते, गुप्त मतदान या शब्दांचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा नीट कळला होता.

पुढे त्या खुणांची खात्री निकालांनीच डळमळीत केली. २००९ साली डोंबिवलीने भाजप निवडला, तर शेजारच्या कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीण या मतदारसंघांत मनसे जिंकली. वर्षभरातच, २०१० च्या महापालिका निवडणुकीत, मनसेचे पंचवीसहून अधिक नगरसेवक निवडून आले. बरोबरची खूण असलेल्या कितीतरी घरांनी तेव्हा वेगळे बटण दाबले असणार. शिवाय कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१४ साली सुमारे ४३ टक्के, २०१९ साली सुमारे ४५ टक्के आणि २०२४ साली सुमारे ५० टक्के मतदान झाले. म्हणजे ज्याला आपण वस्तीचा कल म्हणतो, तो फार तर निम्म्या वस्तीचा कल असतो. उरलेल्या निम्म्यांच्या मनात काय आहे, हे कोणत्याच यादीत नाही.

पूर्वी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रे आल्यापासून प्रत्येक केंद्राचा आकडा स्वतंत्र कळतो. कोणत्या गल्लीने कोणाला नाकारले, हे निवडून आलेल्याला समजते. केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझर यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ साली मांडला, विधी आयोगानेही २०१५ साली त्याची शिफारस केली. पण तो अमलात आला नाही. एका माणसाचे मत गुप्त राहते, गल्लीचे मात्र उघडे पडते. रस्ता आणि पाणी गल्लीलाच मिळत असल्यामुळे ही बाब किरकोळ नव्हे.

गेल्या निवडणुकीत टेबलावरच्या तरुणाने मोबाईलमध्ये माझे आडनाव टाकले आणि मान वर न करता, ओळखीचे हसत चिठ्ठी दिली. त्याने मला वाचले होते. काकांचे ते वाक्य ओठांवर आले होते. पण ते उच्चारण्याचा अधिकार मला नव्हता. चिठ्ठी घेऊन मी रांगेत उभा राहिलो.