समुद्रही हवा, मस्टरही चुकायला नको

खिडकीतून समुद्र दिसणारं घर तुमच्या बजेटमध्ये बसत नाही, असं ब्रोकरने पहिल्याच दिवशी ऐकवलं. पण खिडकीतून नको, चालत तरी गाठता यावा ना! ऑफिस घाटकोपरला. आधी मढ बघितलं. शांत, झाडंबिडं, वर्सोव्याहून फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे. प्रेमातच पडले. मग पावसाळा आठवला. दर्या खवळला, बोट बंद झाली, की मालाडमार्गे भलामोठा वळसा. बॉसला काय सांगणार, भरती होती?

शेवटी वर्सोवाच. 2014 साली मेट्रो आली आणि घाटकोपर जेमतेम 20-25 मिनिटांवर आलं. स्टेशनच्या नावात वर्सोवा असलं तरी किनारा तिथून लांब आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. रिक्षा धरावी लागते. कोळीवाड्याच्या बाजूला भाडं जरा आवाक्यात, पण वाळत घातलेल्या बोंबलांचा वास सोबतीला. मला चालतो, रूममेटचं नाक अजून मुरडलेलंच आहे. 2015 पासूनच्या सफाईमोहिमांनी वाळू दिसायला लागली. तरी पावसाळ्यात समुद्र आपला कचरा आपल्याला परत करतोच.

सूर्यास्त फक्त रविवारी. बाकी दिवस सकाळी साडेसहाला जाते, पायाची वाळू झटकते आणि पावणेनऊची मेट्रो पकडते.