३० सप्टेंबरचा पट

भूगोल शिकवणाऱ्या माणसाला नकाशे कळतात, म्हणजे तक्तेही कळत असणार, असा आमच्या त्या वेळच्या प्राचार्यांचा समज होता. २०१३ साली एका दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, "सर, हे एवढं तुम्ही बघा" म्हणत एक पत्र पुढं सरकवलं आणि मी महाविद्यालयाचा नोडल अधिकारी झालो. मानधन नाही, तास कमी नाहीत. काम एवढंच, की अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा फॉर्म भरायचा. केंद्र सरकार २०१०-११ पासून हे सर्वेक्षण करतं. विद्यापीठांसाठी पहिला फॉर्म, महाविद्यालयांसाठी दुसरा आणि कुठल्याच विद्यापीठाला न जोडलेल्या संस्थांसाठी तिसरा. सर्वेक्षणाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचं आमच्या ऑफिसात कुणी 'आयशे' केलं, कुणी 'ऐशी'. हेडक्लार्क भाऊसाहेब मात्र निवृत्त होईपर्यंत 'ती दिल्लीची माहिती' असंच म्हणायचे.

मी राहायला मांजरसुंब्याला. बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं घाट चढून आलं की आमचं गाव. इथून एक रस्ता पाटोद्याकडं फुटतो, एक नेकनूर-केजकडं. चौकात उभं राहिलं की निम्मा जिल्हा नजरेखालून जातो. त्या वेळी फॉर्म डाउनलोड करून घ्यायचा, रात्री लाइट आली की भरायचा आणि सकाळी चौकातल्या नेट कॅफेत जाऊन चढवायचा, असा उद्योग होता. शेवटच्या तारखेला साइट हमखास बसायची. मग कॅफेवाला पोरगा मलाच चहा पाजायचा.

पहिल्याच वर्षी मी घोळ घातला. आमच्या आवारात अकरावी-बारावीही चालते आणि गावात अकरावीला गेलेल्या पोरालाच 'कॉलेजला लागला' म्हणतात. मी सगळ्यांची बेरीज केली. आकडा असा फुगला की प्राचार्य खूश झाले. भाऊसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "सर, ही अकरावी-बारावीची लेकरं शाळेच्या खात्यात असत्यात. ती युडायसवर जात्यात. इथं मांडली तर दोन्हीकडं मोजली जातील."

तेव्हा मी सूचनांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. उच्च शिक्षण म्हणजे बारा वर्षांचं शालेय शिक्षण संपल्यावरचं, किमान नऊ महिन्यांचं पूर्णवेळ शिक्षण. किंवा दहावीनंतरचं, पण किमान तीन वर्षांचं. वाचताना हे साधं वाटतं. पण आमच्याच गल्लीत एकाच वर्षी दहावी झालेली तीन पोरं होती. एक अकरावी सायन्सला गेला, दुसरा पॉलिटेक्निकला, तिसरा आयटीआयला. तिघं सकाळी एकाच एसटीनं बीडला जायची. व्याख्येप्रमाणं पहिला अजून शाळेत. दुसरा सोळाव्या वर्षीच उच्च शिक्षणात, कारण त्याची पदविका तीन वर्षांची. तिसऱ्याचा ट्रेड दोन वर्षांचा, म्हणून तो उच्च शिक्षणात नाही आणि शाळेतही नाही. पास मात्र तिघांचा एकाच रंगाचा होता.

मग रकाने. फॉर्ममध्ये अभ्यासक्रम आणि वर्ष यांच्यापुढं एकूण विद्यार्थी आणि त्यांपैकी महिला, असे आकडे मागत. पुरुषांचा रकाना नव्हता. पुरुष वजाबाकीतून निघायचे. मला त्याची फार गंमत वाटायची. आडव्या ओळीत सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग. त्याखाली 'यांपैकी' म्हणून दिव्यांग, मुस्लिम आणि इतर अल्पसंख्याक. हा 'यांपैकी' शब्द फार जपून वाचावा लागतो. मराठवाड्यातला बौद्ध विद्यार्थी १९९० च्या दुरुस्तीमुळं अनुसूचित जातीत येतो आणि धर्मानं इतर अल्पसंख्याकांतही. तो दोन्हीकडं लिहायचा, पण बेरजेत एकदाच धरायचा. नव्यानं आलेला एक क्लार्क दर वर्षी तेवढे विद्यार्थी जास्त दाखवायचा आणि दर वर्षी आम्ही दोघं मिळून ते शोधून काढायचो.

खरा झगडा होता तो राज्याच्या आणि केंद्राच्या याद्यांचा. आमचं प्रवेश रजिस्टर महाराष्ट्राच्या भाषेत बोलतं: विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, विमाप्र. दिल्लीच्या फॉर्मला यातलं एकही अक्षर कळत नाही. भज-ड म्हणजे वंजारी, आमच्या वर्गातले कितीतरी विद्यार्थी. भज-क म्हणजे धनगर. विजा-अ मधले तांड्यावरचे बंजारा. केंद्राच्या यादीत हे सगळे ओबीसी. राज्यानं वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली माणसं मी एका कप्प्यात ओतायचो. बंजाऱ्यांची तर आणखी तऱ्हा. हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत मोडतो. १९४८ पर्यंत दोन्ही मुलूख एकाच निजामाच्या राज्यात होते. आज आमच्या तांड्यावरचा मुलगा हैदराबादच्या नातेवाइकाकडं राहायला गेला तर त्याचा मामेभाऊ एका ओळीत सापडतो आणि तो स्वतः दुसऱ्या.

याहून पुढची कडी एका घरानं दाखवली. चौसाळ्याकडच्या एका गावातले तिघं सख्खे भाऊ, मराठा, घरी चार एकर कोरडवाहू. थोरला २०१९ ला बी.ए.ला आला. तेव्हा राज्याचा मराठा आरक्षणाचा एसईबीसी कायदा लागू होता, रजिस्टरवर तीच नोंद. दिल्लीच्या फॉर्ममध्ये त्या नावाचा रकानाच नव्हता, म्हणून मी त्याला सर्वसाधारणमध्ये टाकलं. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा रद्द केला. त्याच वर्षी आलेला मधला ईडब्ल्यूएसचा दाखला घेऊन आला आणि आर्थिक दुर्बलांच्या रकान्यात बसला. २०२४ ला धाकटा आला. तोवर निजामकाळच्या कागदांत त्यांच्या पणजोबांची कुणबी नोंद सापडली होती. तो ओबीसी. एकाच आईच्या हातची भाकरी खाल्लेले तिघं जण देशाच्या आकडेवारीत तीन वेगळ्या ओळींत गेले. पुढं कधी कुणी संशोधक म्हणेल की मराठवाड्यात सर्वसाधारण गटाची नोंदणी घटली आणि ओबीसींची वाढली, आणि त्यावर शोधनिबंध लिहील. घटलं-वाढलं काहीच नसेल, दाखले बदलले असतील. धाकट्याच्या अर्जासोबतचा तो दाखला मी हातात घेऊन बघितला. नवा कोरा होता, लॅमिनेशन अजून गरम असल्यासारखं. त्याचे वडील म्हणाले, "सर, आता तरी फी माफ होईल का?"

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते तारखेनं. मी भरायला लागलो तेव्हा संदर्भ दिनांक होता ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर जेवढी नावं, तेवढे विद्यार्थी. प्रवेश आटोपलेले असतात, परीक्षा लांब असते. दिल्लीत बसून बघितलं तर तारीख सोयीचीच आहे. बीड जिल्ह्यातून बघितलं तर तिच्याइतकी फसवी तारीख दुसरी नाही. आमच्याकडं वर्षाचे दोन भाग पडतात, गळीत हंगामाच्या आधीचा आणि नंतरचा. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या फिरायला लागतात. कपिलधारला मन्मथस्वामींची कार्तिकी पौर्णिमेची यात्रा भरेपर्यंत ऊसतोडीच्या बऱ्याच टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडं गेलेल्या असतात, त्या परततात उन्हाळ्याच्या तोंडाला.

२०१६ साली ३० सप्टेंबरला सर्वपित्री अमावस्या होती. दुष्काळानंतर त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता आणि घाटात रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. बालाघाटच्या डोंगरातलं हे सीताफळ. त्याला आता भौगोलिक मानांकनही आहे. मी बीडहून परतताना स्कूटर थांबवली. पाटीमागून उठला तो माझ्याच बी.ए. प्रथम वर्षाच्या वर्गातला पोरगा. हात सीताफळाच्या चिकानं काळे पडलेले.

"घ्या ना सर, डोळे उघडल्यात, उद्याला पिकतील."

"अरे, तू आज वर्गात का नव्हतास?"

तो पाटीतली फळं उगाच वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "बापानं उचल घेतलीय. आईचे गुडघे गेल्यात, ती काय वाकत नाही आता. मग मलाच जायचंय कोयत्यावर." आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. आईच्या जागी आता लेक. थोड्या वेळानं हळूच म्हणाला, "नाव तेवढं काढू नका सर. परीक्षेला येतो मी."

नाव काढायचा प्रश्नच नव्हता. त्याची फी भरलेली होती, तारीख ३० सप्टेंबर होती. त्या रात्री मी प्रथम वर्ष बी.ए.च्या ओबीसी ओळीत त्याला मोजला. सीताफळांचे पैसे त्यानं घेतले नाहीत. मी पाटीखाली ठेवून आलो.

परीक्षेला तो आला नाही. फॉर्ममध्ये निकालाचाही भाग असतो, त्यात 'परीक्षेस बसले' आणि 'उत्तीर्ण' असे दोन आकडे द्यायचे. तो दोन्हींत नव्हता. नापास व्हायलाही आधी बसावं लागतं. पुढच्या वर्षी द्वितीय वर्षाच्या ओळीत आकडा लहान झाला, त्यात कुठंतरी तो होता. पुरुषांसारखा तोही वजाबाकीतूनच निघाला. फरक इतकाच, की ही वजाबाकी कुणी मागत नाही. मुलींचंही असंच. लग्न होऊन गेलेली मुलगी टीसी न्यायला येईपर्यंत पटावर नांदत असते.

जानेवारी २०२४ मध्ये २०२१-२२ चा अहवाल आला. देशात ४.३३ कोटी विद्यार्थी. सकल नोंदणी गुणोत्तर देशाचं २८.४, महाराष्ट्राचं ३५.३. नवीन शैक्षणिक धोरणाला २०३५ पर्यंत ते ५० करायचंय. स्टाफरूममध्ये एका तरुण सहकाऱ्यानं पेपर वाचून सांगितलं, "म्हणजे राज्यात शंभरातली पस्तीस पोरं कॉलेजात." मी त्याला म्हटलं, असं म्हणू नकोस. या गुणोत्तरात खाली भागायला १८ ते २३ वयाची लोकसंख्या असते, तीही २०११ च्या जनगणनेवरून पुढं अंदाजलेली. वर मात्र कुठल्याही वयाचा विद्यार्थी चालतो. आमच्या मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर रविवारी येणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक अंगणवाडीताई आहेत. त्या आमच्या फॉर्ममध्ये येत नाहीत, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या आकड्यात येतात, पण त्या पस्तिसात त्याही आहेत. याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या असाव्यातच. पण अठरा-एकोणीस वर्षांची जी पोरं नोव्हेंबरात फडावर असतात आणि तरी मोजलेली असतात, तीही त्या आकड्यात आहेत, हे वाचणाऱ्याला माहीत हवं.

आता फॉर्म थेट वेबवर भरायचा असतो, कॅफेची गरज उरली नाही. माहिती पूर्ण भरली की प्रमाणपत्र निघतं. ते मी फाइलला लावतो, नॅकच्या वेळी लागतं.

तेव्हा हा फॉर्म ठरवणाऱ्यांना एकच विनंती. संदर्भ दिनांक तुम्हाला सोयीचा असेल तो ठेवा. पण ज्या जिल्ह्यांतून टोळ्या उसाला जातात, तिथल्या महाविद्यालयांकडून फेब्रुवारीत आणखी एकदा पट मागवा. पटावर किती आणि वर्गात किती, असे दोनच रकाने. भरून द्यायला मी आहे. निवृत्तीला अजून चार वर्षं बाकी आहेत.