आठ हजारांचं बॅनर आणि साडेसहा हजारांची बाभूळ



तूर फुलातून शेंगेत चालली आहे, हरभऱ्याला पहिलं पाणी झालं. घाटेअळीवर वेगळं लिहीन, दोन दिवसांनी कामगंध सापळे मोजले की. आज हिशेबाचं लिहायचं आहे. मागच्या साली आमच्या शेतकरी गटाला पाखरं मोजायला 60,000 रुपये भेटले होते. गावात अजून लोक हसतात. "पाखरं मोजायचेही पैसे भेटतात काय हो?" त्या पैशाचं काय झालं ते गटाच्या बैठकीत सांगून झालं आहे, पण इथं पूर्ण लिहिलं नव्हतं. हात धजत नव्हता. का, ते पुढे येईल.

सुरुवात झाली पक्षीथांब्यांपासून. आपल्याला सगळ्यांना ही शिफारस पाठ आहे: तूर-हरभऱ्यात हेक्टरी 50 पक्षीथांबे लावा, कोतवाल, मैना, वेडा राघू बसतील, अळ्या टिपतील. मीही लावतो. इंग्रजी टी सारख्या काठ्या, खर्च जवळपास नाही. तर तीन वर्षांमागं हरभऱ्यात थांबे रोवताना आमचे गुराखी मामा धुऱ्यावर बसले होते. तंबाखू मळता मळता म्हणाले, "भाऊ, तुम्ही पाखराले बसाले काड्या लावता. पण ते राह्यते कुठी, हे पायलं काय?"

मी म्हटलं, झाडावर राहत असतील.

"कोन्त्या झाडावर? ढोलीचं झाड तं तुम्ही सारे मिळून तोडून रायले."

खरं सांगतो, तोपर्यंत या दोन गोष्टी मी एकत्र धरल्याच नव्हत्या. चास घ्या. कुणी नीळकंठ म्हणतं. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तो. हा पक्षी स्वतः भोक पाडत नाही. सुताराने कोरलेली किंवा सडून पोकळ झालेली ढोली त्याला आयती लागते. पिंगळ्याचं तसंच, हुदहुदचं तसंच, मैनेचंही बरंचसं तसंच. आणि ढोली काही रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला पडत नाही. जुनं झाड लागतं, आणि आमच्याकडे जुनी झाडं राहिली ती धुऱ्यावर. धुरा आता जेसीबीने तासाभरात सपाट होतो.

(कृषी खात्यातले आणि केव्हीकेचे मित्र वाचतात म्हणून सांगतो: चास तुरीच्या शेंगेतली अळी काढतो असा माझा दावा नाही. तो तारेवर, खांबावर बसून जमिनीवरचे नाकतोडे, भुंगेरे, रातकिडे उचलतो. वखर चालू असला की मागं मागं येतो. पिंगळा रात्री किडे आणि उंदराची पिल्लं खातो. एवढंच.)

मग पुतणीने शोधून काढलं की निसर्गाच्या कामाला लहान लहान अनुदानं असतात. जगात हा प्रकार जुना आहे. जीईएफचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे, आणि तो मुद्दाम गावपातळीच्या संस्था-गटांसाठीच काढलेला आहे. पण त्याची रक्कमही आमच्यासाठी मोठी, कितीतरी वर्षं एका प्रकल्पाला 50,000 डॉलर ही मर्यादा होती. आम्हाला तेवढा पैसा पेलला नसता. आम्ही गेलो एका छोट्या संस्थेकडे, नाव लिहीत नाही. चार पानांचा अर्ज, तोही इंग्रजीत. 'यशाचे निर्देशक काय' या रकान्यावर पुतणी आणि मी दोन रात्री बसलो. ती म्हणाली, काका, इथं आकडा लिहावा लागतो. आम्ही लिहिलं: तीन गावच्या धुऱ्यांवरची ढोलीची झाडं मोजू, चासाची घरटी शोधू, वर्षभर चास कुठं किती दिसतो ते टिपू.

मंजूर अंदाजपत्रक असं होतं. मोजणाऱ्यांचं मानधन 24,000, प्रवास 12,000, दोन दुर्बिणी 11,000, कार्यशाळा व बॅनर 8,000, छपाई 5,000. एकूण 60,000. यातला कार्यशाळा-बॅनरचा रकाना लक्षात ठेवा.

मंजुरी जानेवारीत आली आणि पैसे आले मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. चासाची घरटी मार्चपासून जूनपर्यंत. म्हणजे ऐन हंगामाचे दोन महिने मामांनी उधारीवर मोजलं आणि उधार कोणाची, तर माझ्या कापसाच्या पैशाची. अनुदान देणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. पाऊस, घरटी, फुलोरा यांना आर्थिक वर्ष समजत नाही. साठ हजार मेमध्ये देण्यापेक्षा चाळीस हजार फेब्रुवारीत दिले असते तर जास्त काम झालं असतं.

मोजणीचं मात्र सांगण्यासारखं आहे. मामांना लिहिता येत नाही. त्यांनी स्वतःच पद्धत काढली. कमरेला दोन पिशव्या, एकेका गावाच्या वाटेची एक. एक चास दिसला की एक चिंचोका. संध्याकाळी घरी येऊन चिंचोके ओट्यावर ओतायचे, पुतणी ते मोबाईलमध्ये ई-बर्डवर चढवायची. तिथं नुसता आकडा चालत नाही, किती वाजता निघालात, किती वेळ फिरलात, किती अंतर चाललात, हे सगळं लागतं. आणि शेवटी एक प्रश्न असतो: ओळखू आलेले सगळे पक्षी या यादीत टाकले का? हो म्हटलं की यादी पूर्ण धरतात. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, त्याचा अर्थ 'तो दिसला नाही' असा निघतो. न दिसणं हीसुद्धा नोंदच. म्हणून मामा चासाचे चिंचोके आणत, आणि बाकी पाखरं तोंडाने सांगत. चाळीस-पन्नास जाती त्यांना आवाजावरून येतात, फक्त नावं त्यांची स्वतःची. 'टिटवी' कळते, पण 'दुपारचा रडका' म्हणजे कोण, हे शोधायला आम्हाला आठवडा लागला. पिंगळा निघाला.

पहिल्या महिन्यात घोळ झाला. काही दिवशी मामांची पिशवी रिकामीच असे. पुतणीला वाटलं, मामा त्या दिवशी गेलेच नाहीत. विचारलं तर मामा चिडले. "गेलो होतो ना! पाखरू दिसलंच नाई तं चिंचोका कायले टाकू?" बरोबरच आहे. पण न जाणं आणि जाऊन न दिसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक. मग ठरलं की गेले आणि दिसला नाही तर पिशवीत एक खडा टाकायचा. तेव्हापासून खडा म्हणजे शून्य. मला वाटतं, त्या 60,000 रुपयांत आम्ही सगळ्यात मोलाचं काही शिकलो असू तर हे. आपल्या पीककापणी प्रयोगात, पर्जन्यमापकाच्या वहीत, सापळ्यातल्या पतंगांच्या नोंदीत हा खडा कितीदा गाळतो आपण? पतंग नाहीत म्हणून आठवडा कोराच सोडला, तर पुढं वाचणाऱ्याने काय समजायचं?

या चिंचोक्यांचं वर कुठं काय होतं, असा प्रश्न गटात आला होता. 2023 साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो 30,000 हून जास्त पक्षिनिरीक्षकांच्या 3 कोटींवर नोंदींवर उभा आहे. 942 जाती तपासल्या. ज्या 338 जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या 204 घटलेल्या. आणि आपला चास, ज्याला आपण 'तो काय, तारेवर बसलेलाच असतो' म्हणतो, तो त्या 14 जातींत आहे ज्यांची आययूसीएनने नव्याने तपासणी करावी असं अहवाल म्हणतो. दुर्मीळ पाखरावर लक्ष ठेवायला तज्ज्ञ असतात. रोजच्या दिसणाऱ्यातलं कमी होतंय हे रोज वावरात जाणाराच सांगू शकतो, आणि तोही मोजत असेल तरच.

तीन गावांत आम्हाला ढोलीची 41 झाडं सापडली. बाभूळ, कडुनिंब, मोह, दोन जुने आंबे. त्यातल्या 9 झाडांत चासाची घरटी. आता हात धजत नव्हता ते.

नवव्या क्रमांकाचं झाड म्हणजे माझ्या चुलतभावाच्या धुऱ्यावरची बाभूळ. धुरा सामायिक, झाड त्याच्या हिश्श्यात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खरिपाच्या तयारीला जेसीबी गावात आला, त्याच्यासोबत लाकडाचा व्यापारीही आला. बाभळीचे साडेसहा हजार ठरले. भावाच्या पोराची डिप्लोमाची फी भरायची होती, बियाण्याचं व्हायचं होतं. तो मला येऊन सांगून गेला, लपवून काही केलं नाही. म्हणाला, "तुयं ते पाखरू हाय म्हणे तिथं. पण मले पैसे पाह्यजेत."

मी म्हटलं, जून अखेरपर्यंत थांब. तो म्हणाला, जेसीबी थांबते काय, अन् फी?

त्या दिवशी गटाच्या खात्यात कार्यशाळा-बॅनरचे 8,000 रुपये जसेच्या तसे पडून होते. मला ते माहीत होतं, पासबुक माझ्याचकडं होतं. साडेसहा हजार देऊन मी झाड राखू शकलो असतो, किंवा दोन हजार देऊन निदान महिनाभर थांबवू शकलो असतो. पण करारपत्रात लिहिलं होतं, एका शीर्षाचा पैसा दुसऱ्या शीर्षात परवानगीशिवाय वापरू नये. परवानगी मागायला एक फोन पुरला असता. मी केला नाही. वाटलं, पहिलंच अनुदान आहे, पहिल्याच महिन्यात रडगाणं गायलं तर म्हणतील शेतकऱ्यांना पैसे दिले की असंच. खरं तर भीती होती आणि थोडा संकोच, की स्वतःच्याच भावाला पैसे द्या असं कसं म्हणायचं.

झाड दुसऱ्या दिवशी सकाळी पडलं. मामांनी ढोलीतून तीन पिल्लं काढून पटक्यात बांधून माझ्याकडे आणली. पंखांत निळं नुकतं दिसायला लागलं होतं. आम्ही नाकतोडे पकडून भरवले. दोन त्याच रात्री मेली, तिसरं दुसऱ्या दुपारी. मामा त्या दिवशी मोजायला गेले, पण संध्याकाळी पिशवी न देता ओट्यावरून तसेच उठले.

कार्यशाळा जुलैत झाली. बॅनर छापलं, फ्लेक्सचं, सहा बाय चार. त्यावर चासाचा मोठा फोटो.

दिवाळीनंतर अहवाल लिहायचा होता. पुतणीने कच्चा मसुदा केला, त्यात '9 घरटी शोधली' एवढंच होतं. खोटं त्यात काही नव्हतं. मी दोन दिवस तो तसाच ठेवला. मग मामांचा खडा आठवला आणि म्हटलं, आपण बाकीच्यांना शून्य लिहा म्हणतो. आठ घरट्यांतून पिल्लं उडाली, नववं आमच्या डोळ्यांदेखत तुटलं, पैसे खात्यात असताना तुटलं, आणि विचारायला पाहिजे होतं ते मी विचारलं नाही, असं मराठीत लिहून पाठवलं. पुतणीने इंग्रजी केलं. वाटलं, आता दारं बंद.

चार दिवसांनी तिथल्या बाईंचा फोन आला. अहवालाबद्दल एवढंच बोलल्या, "दादा, तेव्हा फोन का नाही केला? आम्ही दिले असते." पुढं दोघेही थोडा वेळ गप्प होतो. मग त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ऐनवेळच्या खर्चाचा रकाना ठेवायचा का?

यंदाचं अनुदान 40,000 चं आहे, मार्चच्या सुरुवातीलाच आलं. त्यात 15,000 ला शीर्षच नाही. पासबुकावर माझी आणि गटातल्या एका ताईंची सही लागते, कागद एकच, पण चोवीस तासांत निर्णय घ्यायचा. त्यातून सहा झाडमालकांना जूनअखेरपर्यंत झाड न तोडण्याचे हजार-हजार दिले. एकाने पैसे घेतले नाहीत, म्हणाला तसंही तोडणार नव्हतो. एकाने घेऊन तोडलं, तेही अहवालात जाईल. उरलेल्या पैशातून एका कडुनिंबाची जेसीबीने उघडी पडलेली मुळं मातीने झाकून घेतली.

आता यावर गटात मतभेद आहेत, ते लपवत नाही. काही जण म्हणतात, झाड उभं ठेवायला पैसे द्यायला लागलो तर उद्या जो तो मागेल. बरोबर आहे. अनुदान संपल्यावर काय, हाही प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक नोंदवही असायला हवी. आमच्याकडे नोंदवही आहे, कपाटात आहे. ढोलीची झाडं त्यात नाहीत. ती चढवून घ्यावीत असा अर्ज गटाने ग्रामसभेला दिला आहे, 26 जानेवारीच्या सभेत विषय येईल. पण फी भरायची वेळ आली तर नोंदवही कुणाला साडेसहा हजार देत नाही, हे मला माझ्या भावाच्या तोंडावर बोलता येणार नाही असं नाही. तोच मला बोलून दाखवतो. त्याच्या पोराचा डिप्लोमा चालू आहे. पोरगं सुट्टीत आलं की मामांसोबत फिरतं, यंदा दोन याद्या त्याच्या नावावर आहेत.

काल संध्याकाळी मामांनी पिशव्या ओतल्या. एका वाटेचे चार चिंचोके. दुसरी वाट बाभळीच्या खोडावरून जाते, तिच्यातून एक खडा निघाला. पुतणीने शून्य लिहिलं आणि वेळ विचारली. मामा म्हणाले, "सात वाजता निघालो, दोन घंटे फिरलो. लिही."