नातीचे शनिवार

माझी नात गेल्या सप्टेंबरपासून एडिंबरोला शिकते आहे. लिहायचं ‘बर्ग’ आणि म्हणायचं ‘बरो’, इंग्रजीचं हे असंच. स्कॉटलंडची ही जुनी राजधानी. पाण्याच्या नियोजनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, बँकेचं मोठं कर्ज काढलंय. हे आधीच सांगून टाकते, कारण घरात जे महाभारत झालं त्याच्या मुळाशी ते कर्ज आहे.

झालं असं, की पोरगी दर शनिवारी फोटो पाठवायची. आज किल्ला, पुढच्या शनिवारी हॉलिरूडचा राजवाडा, मग आर्थर्स सीट नावाची टेकडी, मग फुकटात बघायला मिळणारं मोठं म्युझियम. आठ-दहा शनिवार झाल्यावर मुलाचा मला पुण्याहून फोन. "आई, हिला शिकायला पाठवलंय की फिरायला? हप्ते मी भरायचे आणि ही गड बघत हिंडणार!" मी म्हटलं, अरे, ग्रंथालयात बसल्याचा फोटो कोण कोणाला पाठवतं? आठवड्यातले पाच दिवस ती काय करते ते तुला दिसत नाही, शनिवार तेवढा दिसतो. पण त्याला ते पटलं नाही. त्याने तिलाही काहीबाही सुनावलं. पोरगी रडली, आणि मग पंधरा दिवस बापलेकीचं बोलणं बंद. फोटोही बंद.

मंडळी, मी जन्मभर सहली काढणारी बाई. वेल्ह्याला नऊ वर्षं शिकवलं, बाकी नोकरी भोरला झाली. (वेल्हे तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालंय, आमच्या तोंडी मात्र वेल्हेच.) वेल्ह्यातून वाजेघरमार्गे पाली गाठायचं आणि पोरांची रांग लावून राजगड चढायचा, हे दरवर्षीचं. आमच्या शाळेतले एक वरिष्ठ म्हणायचे, "बाई, सहलीत दोन तास बुडतात गणिताचे." बुडू देत की! सुवेळा माचीवर उभं राहून तोरणा कुठे, सिंहगड कुठे हे बोटाने दाखवलेलं पोर नकाशा विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

नातही पाचवीत असताना माझ्याबरोबर राजगड चढली होती. म्हणूनच तिची पत्रं (व्हॉट्सॲपवरची, पण लांबलचक, म्हणून पत्रंच म्हणते) वाचताना गंमत वाटते. तिने लिहिलं, "आजी, इथला किल्ला म्हणजे नुसता बालेकिल्ला आहे. आणि त्याच्यापासून खाली उतरणारा रॉयल माईल रस्ता म्हणजे एकच लांब माची. माचीच्या टोकाला राजवाडा." मी शब्दकोश आणि नकाशा घेऊन बसले. पोरीचं अगदी बरोबर होतं. किल्ला उभा आहे तो विझलेल्या ज्वालामुखीचा कातळ. हिमयुगात पश्चिमेकडून सरकत आलेला बर्फ त्या कातळावर अडला, दोन्ही बाजूंनी तासत गेला आणि कातळाच्या पाठीमागे पूर्वेकडे एक उतरती सोंड शिल्लक राहिली. त्या सोंडेवर जुनं शहर वसलं. आपला राजगडही लाव्ह्याचाच, पण आपल्याकडे बर्फाने नाही, पावसाने आणि ओढ्यांनी डोंगर कोरले. तिथे सोंड एक, इथे तीन: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. सातवी-आठवीच्या भूगोलात हे असं शिकवायला मिळालं असतं तर काय बहार आली असती!

आणखी एक सापडलं. ज्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर आपल्या मुलखाची घडी बसवली, त्याचे वडील या एडिंबरोच्या किल्ल्याचे गव्हर्नर होते. त्याचं काही शिक्षणही त्याच गावात झालं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटलंडचाच. म्हणजे ही सगळी मंडळी गडकिल्ल्यांच्या मुलखातून आलेली. आपले डोंगर बघून त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

असो. बोलणं बंद होतं तिथे येते.

सोळाव्या दिवशी नातीने बापाला फोटो न पाठवता चार ओळी पाठवल्या. किल्ल्यात एक जुनी विहीर आहे, शंभर फुटांच्या आसपास खोल, कातळात खणलेली. मेरी राणीच्या बाजूच्या लोकांनी किल्ला धरून ठेवला होता, त्याला वेढा पडला. १५७३ च्या मे महिन्यात तोफांचा मारा झाला, मोठा बुरूज कोसळला आणि त्याच्या राडारोड्याने विहीर बुजली. खालच्या दुसऱ्या विहिरीचं पाणी वेढा घालणाऱ्यांनी आधीच नासवलं होतं. आतल्या लोकांना प्यायला पाणी उरलं नाही, आणि महिना संपायच्या आत किल्ला पडला. तिने शेवटी लिहिलं होतं, "बाबा, मी हेच शिकायला आले आहे. भिंती कितीही जाड असल्या तरी पाणी कुठे साठतं आणि कोणाच्या हातात असतं, त्यावर सगळं चालतं. हे मला वर्गात कळलं नव्हतं, त्या विहिरीच्या काठाशी कळलं."

मुलाने मला ते वाचून दाखवलं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "आई, राजगडावर बालेकिल्ल्यावर पण पाणी होतं ना गं?" मी म्हटलं, चंद्रतळं. आणि खाली पद्मावती तलाव. उगाच नाही महाराजांनी सुमारे पंचवीस वर्षं तिथून राज्य केलं. आग्र्याहून सुटून आले ते इथेच, राजाराम महाराजांचा जन्म १६७० मध्ये इथेच, आणि सईबाई १६५९ मध्ये इथेच गेल्या. एवढी माणसं, एवढी जनावरं, सगळ्यांना पाणी कुठून पुरत असेल? हा प्रश्न मला सहलीत एका मुलानेही विचारला नव्हता. पोरं तलावात खडे मारायची.

त्यानंतर शनिवार पुन्हा सुरू झाले. तिथे किल्ल्यावरून रोज दुपारी एक वाजता तोफ उडवतात, रविवार सोडून. १८६१ पासूनची प्रथा, बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून. (बाराला का नाही? बाराला बारा बार काढावे लागले असते, स्कॉटिश माणूस काटकसरी, असा तिकडचा विनोद आहे.) नात त्या वेळी खाली उभी राहून व्हिडिओ कॉल लावते. थंडीत आमच्याकडे साडेसहा वाजलेले असायचे, दिवेलागणीची वेळ. मार्चअखेर त्यांनी घड्याळं तासभर पुढे केली, तेव्हापासून तोफ साडेपाचला ऐकू येते. मुलगा शनिवारी भोरला आलेला असला की शेजारी येऊन बसतो. किल्ल्याचं तिकीट किती ते मात्र अजून विचारतो. दोन हजारांच्या वर आहे ऐकल्यावर म्हणाला, "एकदा बघितलास ना? आता बाहेरूनच बघ."

सध्या ती प्रबंध लिहिते आहे. ऑगस्टमध्ये द्यायचा आहे, सप्टेंबरात यायचं म्हणते. पुढे तिकडेच नोकरी बघणार की इथे, ते बापलेक बोलत असतात, मी त्यात पडत नाही. आल्या आल्या राजगड चढायचा, एवढं मात्र तिघांत ठरलंय. माझे गुडघे आता पायथ्यापर्यंतच नेतील. गुंजवण्याकडून चोर दरवाजाने जाऊ नका, पावसात ती वाट निसरडी होते, पालीकडून पायऱ्या आहेत, तिकडून जा, असं मी बजावलंय. नात पद्मावती तलावात दोरी सोडून खोली मोजणार आहे. मी म्हटलं, सप्टेंबरात तलाव भरलेला असतो, दोरी लांब आण.