एक इंच सोडून

आमच्या पिढीच्या घराघरांत घडीची लाकडी फूटपट्टी असायची आणि तिचं टोक झिजून गोल झालेलं असायचं. म्हणून शून्यापासून कुणी मापायचंच नाही. एकाच्या रेघेपासून सुरुवात करायची आणि खूण करताना शेवटी एक इंच वाढवायचा. सोडलेला इंच लक्षात राहायचा, वाढवायचा राहून जायचा. करवत फिरायची आणि फळी नेमकी इंचभर आखूड निघायची. मग अंगणात कुणी काही बोलायचं नाही. फळीचं दुसरं टोक धरून बसलेल्या आम्हा पोरांना हात सोडावा की नाही, तेही कळायचं नाही.

आता मुलाच्या हातात पोलादी टेप असतो. त्याच्या टोकाची पत्ती जराशी हलते. ती बिघडलेली नसते, मुद्दाम तशी ठेवलेली असते. कडेला अडकवली की स्वतःच्या जाडीइतकी बाहेर येते, भिंतीला टेकवली की तितकीच आत जाते, म्हणजे माप दोन्हीकडून खरं. आठ बाय चारचा प्लाय बारामतीला यंत्रावर कापून मिळतो. इतकी सरळ कड आमच्या अंगणात एकदाही निघाली नव्हती.

आमच्या देव्हाऱ्याची फळी तुळईतून निघाली होती. आत्याचं घर जुन्या पळसदेवात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं; त्याआधी पाणी चढायला लागलं तेव्हा आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्या घराची तुळई इंदापूरला आणली आणि वखारीत चिरून घेतली. तिच्यात आधीच्या सुताराच्या खाचा होत्या. त्या चुकवत माप टाकायचं, त्यात तो इंच राहिला. दुसरी फळी आणायची कुठून? ते घर तर पाण्याखाली. उरलेल्या तुकड्यातून आण्णांनी जोड काढला. त्याचे रेषे फळीच्या रेषांना मिळेपर्यंत तो उलटासुलटा फिरवला, खाचेत कूस बसवली, बारीक पाचर ठोकली. फटीत भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरला. भुसा त्याच फळीचा हवा, दुसऱ्याचा रंग वेगळा दिसतो, म्हणून तो गोळा करायचं काम माझं. दुसऱ्या दिवशी काचपेपर. “आता डोळे मिटून हात फिरव,” आण्णा म्हणाले.

पण तेव्हाचं सगळं गोड करून सांगणं खोटं ठरेल. पावसाळ्यात जोड फुगायचे, दारं अडायची, आईचं बोट एका खणात वर्षानुवर्षं चिमटायचं. सुतार सुगी उरकल्याशिवाय यायचा नाही. लाकूड वाया गेलं म्हणून मुलांनी खाल्लेली बोलणीही मला आठवतात. आज तेवढी भीती कुणाला नाही, हे फार चांगलं झालं.

चुका मात्र संपलेल्या नाहीत. आम्ही सुतात मापायचो, इंचाचे आठ सूत. सहा सूत म्हणजे १९ मिलिमीटर. मुलाला कपाटाचं माप सांगताना मी सहा सूत म्हणालो, त्यानं १९ धरून कप्पा कापून आणला. प्लाय निघाला १८चा. दोन बाजूंना एकेक मिलिमीटर सुटला आणि कप्पा दोन मिलिमीटर ढिला पडला. तो म्हणाला, “बाबा, दुसरा आणतो.” तासाभरात आणलाही, चपखल बसला. मी तोवर पाचरेसाठी चिपाटी शोधून ठेवली होती. ती खिशातच राहिली.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडतं. आम्ही बघायला जातो, आत्याचं घर कुठे होतं ते अंदाजानं दाखवतो. घरी देव्हाऱ्याची फळी अजून आहे. मध्यंतरी मुलानं ती पॉलिशला काढली तेव्हा जोड जरासा वर आलेला होता. त्याचा हात काचपेपरकडे गेला. मी म्हटलं, “थांब. आधी डोळे मिटून हात फिरव.”