आवक-जावक

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाची देवाइतकीच एका गोष्टीवर श्रद्धा असते. आलेले आणि गेलेले यांचा मेळ बसला पाहिजे. दोन रुपयांच्या फरकापायी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत व्हाउचरे उपसत बसलेली मी पाहिली आहे. अशा माणसाच्या घरात चोवीस तास जावक बंद पडावी आणि त्याला पत्ता लागू नये, याला काय म्हणावे?

जावक बंद पडली ती साहेबांची. साहेब म्हणजे आमचा बोका. चार वर्षांपूर्वी जिन्यात सापडला तेव्हा चिरंजीवांनी बरीच इंग्रजी नावे सुचवली होती. पण हा प्राणी दिवसभर मऊ खुर्चीवर डोळे मिटून बसतो, कोणी जवळ गेले की एकच डोळा उघडतो आणि काडीचे काम न करता सगळे वेळच्या वेळी पदरात पाडून घेतो, हे पाहिल्यावर मला दुसरे नाव सुचेना.

मार्चअखेर होती. त्यात सौ.ने घराला रंग काढलेला. आठवडाभर रंगारी घरात आणि साहेब पलंगाखाली. रंगारी गेले आणि साहेबांच्या वाळूच्या घमेल्याकडे फेऱ्या सुरू झाल्या. बसायचे, कुंथायचे, केविलवाणे ओरडायचे, उठायचे. पाच मिनिटांनी पुन्हा हजर. पासबुक भरून घ्यायला आलेले पेन्शनर येतात तसे. एकदा तर चक्क न्हाणीघराच्या जाळीवर जाऊन बसले. मी झाडू दाखवून हाकलले. मग निदान केले : बद्धकोष्ठ. बी.कॉम. माणसाला निदान करायला कायद्याने कुठे बंदी आहे? चमचाभर एरंडेल पाजले. त्या व्यवहाराची पोच अजून माझ्या मनगटावर आहे.

पहाटे पाचला आईने उठवले.

"अरे, ह्याचं पोट नव्हे. लघवी अडलीय."

"तुला काय माहीत?"

"तुझ्या वडिलांचं असंच झालं होतं. रात्रभर मोरीत ये-जा. विचारलं की म्हणायचे, काही नाही, झोप तू. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता."

मला हे ठाऊक नव्हते. म्हणजे वडील गेले ते ठाऊक होते. फेऱ्या ठाऊक नव्हत्या. त्या वर्षीसुद्धा मार्चअखेरच होती.

साहेबांना पिशवीत घालून रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. बाईंनी पोट चाचपले. मूत्राशय संत्र्याएवढे झाले होते, आणि घट्ट.

"कधीपासून?"

"काल सकाळपासून. एरंडेल दिलंय."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी आजवर फक्त ऑडिटरची पाहिली होती.

बोक्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते, त्या म्हणाल्या. लघवीत बारीक खडे धरतात, चिकट बुळबुळीत गाळ होतो आणि त्याचा बुचासारखा अडसर बसतो. मांजरीची नळी रुंद, म्हणून तिच्यावर ही वेळ क्वचित येते. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदय बंद पडते. एकदोन दिवसांत कारभार आटोपतो. "बोका कुंथताना दिसला आणि लघवी होत नसली, तर उद्यावर टाकायचं नाही. लगेच यायचं."

भूल देऊन नळी घालायचे ठरले. मी बाहेरच्या बाकावरून शाखेत फोन लावला. हेडकॅशियरने उचलला.

"आज येत नाही. साहेबांची लघवी अडलीय. नळी घालताहेत."

तिकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात, "अरे, साहेब तर आत्ताच केबिनमध्ये गेले. चांगले हसत होते!"

दुपारपर्यंत मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर दोन शहाळी आणि जवाचे पाणी जमा झाले होते म्हणे. मार्चअखेरीला स्टाफ एवढा प्रेमळ कसा झाला, हे त्यांना कळेना. मला मात्र रजेबद्दल मेमो मिळाला.

तीन दिवसांनी आमचे साहेब घरी आले. बरोबर सूचनांचे परिपत्रक होते. मांजराचे पूर्वज वाळवंटातले. शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवणारे. त्यामुळे तहान लागली तरी मांजर पाण्याकडे फारसे फिरकत नाही. आम्ही वर कोरडी बिस्किटे चारत होतो, ज्यांत पाणी जेमतेम दहा टक्के. आता ओले खाणे, त्यातही चमचाभर पाणी. घरात तीन ठिकाणी पाण्याचे वाडगे, घमेल्यापासून लांब. वजन वाढू द्यायचे नाही. रोज दोरी फिरवून पळवायचे. पाहुणे, रंगारी, सामानाची हलवाहलव यांनी मांजराच्या मनाला त्रास होतो आणि तो थेट मूत्राशयात उतरतो. शिवाय घमेली किती? मांजरे जितकी, त्याहून एक जास्त. म्हणजे आमच्या दोन खोल्यांत आम्हा चौघांना मिळून संडास एक, आणि साहेबांना एकट्यांना दोन. नाव सार्थ झाले.

आता सकाळी उठल्याबरोबर मी आधी घमेले तपासतो, मग देवाला नमस्कार करतो. वाळूचा गोळा नेहमीएवढा निघाला की आतून आईचा आवाज येतो, "झाली का रे?" मी म्हणतो, "झाली." मगच चहाचे आधण पडते.

परवा रात्री मी दोनदा उठलो. दुसऱ्यांदा अंधारातून आईने विचारले, "काय रे, काही होतंय का?"

"काही नाही, झोप तू," हे शब्द ओठांवर आले होते. पण थांबलो. दिवा लावला, तिच्याजवळ बसलो आणि चार दिवस जळजळ होते आहे हे सांगून टाकले. सकाळी डॉक्टरांकडे गेलो. विशेष काही नव्हते. औषध दिले, आणि पाणी कमी पिता म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो तर वाडग्यांची संख्या चार झाली होती. चौथा माझ्या उशाशी होता. साहेब त्यातूनच पीत होते.